गाडी बोलंना झालीया

यामाहा आरएक्स १०० ला टॅकोमीटर नाही. वेग दाखवणारा काटा आहे, पण इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय हे सांगणारा नाही. ९८ सीसीची टू-स्ट्रोक, चार गिअर, ७५०० आरपीएमला अकरा हॉर्सपॉवर. गिअर कधी टाकायचा हे चालवणाऱ्यानं आवाजावरून ठरवायचं. ज्यांनी ती चालवलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दुसऱ्यात आवाज ताणत जातो, एका क्षणी पत्रा फाटल्यासारखा होतो, आणि पाय आपोआप उठतो.

आमच्याकडची १९९४ सालची आहे. आबांनी ती दुसऱ्या हातानं घेतली तेव्हा मी शाळेतही नव्हतो. पंधरा वर्षं झाल्यावर पासिंग, मग दर पाच वर्षांनी पुन्हा पासिंग, ग्रीन टॅक्स, टू-टी ऑइल, हे सगळं करून त्यांनी ती सांभाळली. गेल्या वर्षी मी पुण्याहून सुट्टीला इचलकरंजीला आलो तर गाडी कव्हर घालून भिंतीला लावलेली. चालवत का नाही विचारलं, तर म्हणाले, "गाडी बोलंना झालीया."

गाडी व्यवस्थित बोलत होती. एका किकला सुरू झाली. ऐकू येत नव्हतं आबांना.

आबा पस्तीस वर्षं यंत्रमागाच्या खात्यात होते. सुरुवातीला कांडीवाले, मग माग चालवले, मग जॉबर. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो बसवून देणारा माणूस. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला म्हणतात, आणि तेव्हापासून हे गाव रात्री झोपलेलं नाही. आमच्या गल्लीत आजही चार घरांच्या तळमजल्यावर माग आहेत. बाहेरून आलेल्या मित्रांना पहिल्या रात्री झोप लागत नाही. मला पुण्यात लागायची नाही, शांततेमुळे.

धोट्याचा साधा माग म्हणजे लाकडी धोटा एका बाजूनं हाणायचा, दुसऱ्या बाजूनं परत हाणायचा, मिनिटाला शंभरावर वेळा. असे चाळीस माग एका पत्र्याच्या छपराखाली. मी एकदा फोनवरच्या अ‍ॅपनं मोजलं होतं, आकडा ९८ डेसिबलच्या आसपास रेंगाळत होता. आपल्या कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीला ९० ही मर्यादा धरलेली असते. डेसिबलची पट्टी सरळ नसते. तीन डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दुप्पट होते. म्हणजे ९८ हा ९० पेक्षा 'थोडासा जास्त' नाही, सहा पटींहून जास्त आहे. आणि १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात आवाजामुळे येणारं बहिरेपण हा कळवणं बंधनकारक असलेला आजार म्हणून नोंदलेला होता. आबांचा कुणी कुणाला कळवला नाही. खात्यात कानात घालायला कापसाचे बोळे होते, तेही सुताच्या वेस्टमधून आपले आपण करायचे.

तर ऑडिओग्राम. कानाची तपासणी झाल्यावर एक आलेख मिळतो. आडव्या अक्षावर डावीकडून उजवीकडे आवाजाची पट्टी वाढत जाते, जाड आवाजाकडून बारीक आवाजाकडे. उभ्या अक्षावर, तो आवाज ऐकू यायला किती मोठा करावा लागला ते. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. आबांची रेघ २५० हर्ट्झला जवळजवळ ठीक, हजारला ४५ वर घसरलेली, दोन हजारला ६०, आणि ४००० हर्ट्झला ८०. मागावाल्यांच्या कानाचा हा ठरलेला आकार आहे. आवाजानं जाणारा कान बहुतेकदा आधी चार हजारांच्या आसपास जातो. डॉक्टरांनी कागद बघितला आणि विचारलं, "मागावर होता का?"

मशीन घेतलं. ते हेल्मेटखाली शिट्टी मारतं. वाऱ्यात नुसता घोंघाट. सध्या ते शोकेसमध्ये, माझ्या बारावीच्या ट्रॉफीशेजारी आहे.

आबांचा उपाय सोपा होता. "सायलेन्सरची जाळी काढ."

आरएक्सवाल्यांमध्ये जाळी हा एक स्वतंत्र विषय आहे. सायलेन्सरच्या शेपटीत भोकांची एक नळी असते, मागून एक स्क्रू काढला की ओढून बाहेर येते. ती काढली की गाडी ओरडते. आपल्या पिढीला हा आवाज रीलमधून माहीत आहे. गावाकडच्या लग्नाच्या वरातीत, कॉलेजच्या गेटवर. पोलीस असे सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावर रोडरोलर फिरवतात, तेही व्हिडिओ तुम्ही पाहिलेच असतील. मोटार वाहन कायद्याच्या १९० व्या कलमात, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, आवाजाचे निकष मोडल्याबद्दल दहा हजारांपर्यंत दंड आहे.

मी म्हणालो, "आबा, लोक शिव्या घालतील."

"घालू द्यात. मला कुठं ऐकू येत्यात?"

यावर उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सायलेन्सर उतरवला.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळतं, सगळं जळत नाही, आणि उरलेलं सायलेन्सरच्या पोटात चिकट डांबर होऊन बसतं. जाळी काढायची की ठेवायची हे ठरवण्याआधी ती दिसायला तरी हवी होती. तिची अर्धी भोकं बुजलेली होती. साफ करायचे दोन मार्ग: जाळणं किंवा कॉस्टिक. मिस्त्री लोक बहुतेक जाळतात, त्यात क्रोमचा निळा-पिवळा रंग होतो. आम्ही कॉस्टिक सोडा घेतला. तो इचलकरंजीत मिळण्याची चिंता नसते, कापडाच्या प्रोसेसला पोत्यानं लागतो. सायलेन्सरच्या एका तोंडाला लाकडी बूच ठोकलं, बादलीत आधी पाणी आणि मग त्यात थोडा थोडा सोडा, उलटं कधीच नाही. रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं वापरायचं नाही, त्यावर कॉस्टिक पडलं की हायड्रोजन सुटतो. सायलेन्सर भरून परसात रात्रभर उभा. कॉस्टिक तेलकट थराचा साबण करतं, त्यामुळे काजळी सुटते. सकाळी जे बाहेर आलं ते बघून आई म्हणाली, "हे गटारात ओतायचं न्हाई." गटार शेवटी पंचगंगेला जातं आणि पंचगंगेच्या वाट्याला आधीच पुष्कळ आलंय. काळं पाणी जुन्या कॅनमध्ये भरून ठेवलं. तो कॅन अजून परसात आहे, त्याचं काय करायचं यावर घरात एकमत नाही.

रिकाम्या सायलेन्सरमध्ये टॉर्च मारून बघताना मी आबांना वॉल्टर काडेनची गोष्ट सांगितली. ओरडून, अर्थात. काडेन पूर्व जर्मनीतला इंजिनिअर, एमझेड कंपनीत. महायुद्धात पेनेमुंडेच्या रॉकेट केंद्रावर काम केलेला. टू-स्ट्रोकला धूर बाहेर सोडायला स्वतंत्र व्हॉल्व्ह नसतो, नुसतं सिलिंडरच्या भिंतीतलं भोक; त्यामुळे जळालेल्या वायूच्या मागे ताजं पेट्रोलही निसटतं. काडेननं पाइपला असा आकार दिला की आधी तो रुंदावतो, मग निमुळता होतो. दाबाची लाट रुंद होणाऱ्या भागातून जाताना मागे ओढ निर्माण करते, आणि निमुळत्या टोकावर आपटून परत येते ती नेमकी भोक बंद व्हायच्या आत. निसटलेलं पेट्रोल पुन्हा आत ढकललं जातं. कल्पनेची सुरुवात त्याच्या आधीची होती, पण ऑसिलोस्कोप लावून लाटा मोजून ती पूर्णत्वाला यानं नेली. १९६१ पर्यंत त्यांच्या १२५ सीसीच्या इंजिनातून पंचवीस हॉर्सपॉवर निघत होती. त्याच वर्षी त्यांचा रायडर एर्न्स्ट डेग्नर स्वीडनच्या रेसमधून थेट पश्चिमेला पळाला. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून बाहेर काढलं होतं. तो सुझुकीकडे गेला आणि पुढच्याच वर्षी ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकला. ती विद्या जपानला पोचली ती अशी.

आबांनी सगळं शांतपणे ऐकलं, किंवा ऐकल्यासारखं केलं. मग म्हणाले, "म्हंजे सायलेन्सर आवाजासाठी नसतोयच."

अगदी तसंच. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग आहे. जाळी काढली की मागचा दाब बदलतो, कार्बोरेटरचा जेट मात्र तोच राहतो; मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो, पिस्टन तापतं आणि खालचा ओढा मरतो. सोशल मीडियावर जाळी काढली की पॉवर वाढते असं सांगणारे पुष्कळ आहेत. आवाज वाढला की पॉवर वाढल्यासारखी वाटते, एवढंच. सिटिंग टेस्टला पॉवर सगळ्यांचीच वाढते.

तरी मोजायचं ठरलं, कारण मोजल्याशिवाय आबा ऐकणारे नव्हते आणि मीही नव्हतो. एक दुसरी जाळी बाजारातून आणली, म्हणजे मूळची शाबूत राहील. स्टँडवर गाडी, सायलेन्सरच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, पंचेचाळीस अंशात फोन. सगळ्या वेळी थ्रॉटल सारखाच, त्यासाठी आबांनी केबलच्या स्क्रूवर खूण केली. जाळी घालून ८८. दुसऱ्या जाळीला ड्रिलनं चार भोकं जास्त पाडून ९१. आणखी सहा पाडून ९४. जाळीच काढून ९९. फोनचा माइक काही प्रमाणित यंत्र नाही, पण एकाच फोननं मोजलेल्या आकड्यांतला फरक पुरेसा बोलतो.

जाळी काढली तेव्हा आबांचा चेहरा बदलला. दोन वर्षांनी गाडी बोलली होती. मी हे मुद्दाम लिहितोय, कारण पुढचं सगळं गणित वाचताना तो चेहरा विसरायला नको.

त्यांनी एक चक्कर मारली. परत आले, गाडी बंद केली. म्हणाले, "हुबं ऱ्हायलं की ऐकू येतंय. चालवताना वाऱ्यात जातंय."

तेवढ्यात समोरचे काका बाहेर आले. ते रात्रपाळीला असतात, सकाळी अकराला झोपलेले. त्यांच्या खोलीच्या भिंतीपलीकडे आठ माग चालू होते. त्यात ते वर्षानुवर्षं झोपतात. आबांच्या एका चकरेनं उठले. रागावले नव्हते, आबांना मान देऊन बोलले, "आबा, कुणाची गाडी ही? लय कानात शिरतीया." एकसारख्या आवाजाला मेंदू सरावतो, अचानक फुटणाऱ्या आवाजाला नाही. त्यांच्या घरी सून बाळंतपणाला आलेली होती. तिचं बाळ उठलेलं ऐकू येत होतं. आबा सोडून सगळ्यांना.

संध्याकाळी मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर टाकली आणि पट्टीवार तोडून बघितली. आठवड्यात पाच दिवस दुसऱ्यांचे लॉग वाचतो, हा निदान आपल्या घरचा होता. ३००० आरपीएम म्हणजे सेकंदाला पन्नास फेरे, आणि टू-स्ट्रोक प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटते. म्हणजे इंजिनचा मूळ ठोका ५० हर्ट्झ. अगदी ७५०० ला नेलं तरी १२५. आबांची रेघ २५० ला जवळजवळ ठीक आहे, म्हणजे ठोका त्यांच्या शाबूत राहिलेल्या भागातच असणार. जाळी काढून वाढलेले अकरा डेसिबल मात्र बहुतेक हजार हर्ट्झच्या वरचे होते. तो तडतडाट, तो पत्रा फाटल्याचा आवाज. आबांच्या ऑडिओग्रामची रेघ जिथे कोसळते, बरोबर तिथे. वाढलेल्या आवाजातला मोठा वाटा समोरच्या बाळाला मिळत होता आणि ज्यांच्यासाठी जाळी काढली त्यांना उरलासुरला.

मग ठोका ऐकू का येत नाही? कारण ५० हर्ट्झला कुणाचाच कान फारसा चांगला नसतो. डेसिबलच्या ज्या मापानं आपण, पोलीस आणि कारखाना निरीक्षक सगळे मोजतो, त्यात माणसाच्या कानाप्रमाणे ५० हर्ट्झचा आवाज तीस डेसिबलनं कमी धरतात. तो आवाज कानापेक्षा पोटाला आणि पायाला कळतो.

मी आलेख आबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला. माझ्या डोक्यात तोवर एक छोटं सर्किट तयार झालं होतं. इग्निशनच्या तारेवरून ठोके मोजायचे, हँडलवर तीन एलईडी, लाल लागला की गिअर टाका. दोन दिवसांत झालं असतं. आबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रस्त्याकडं बघू का लाईटकडं?"

मग जरा वेळानं म्हणाले, "खात्यात कानानं कुठं ऐकतोय आम्ही?"

हे मला माहीत नव्हतं. चाळीस मागांत एक माग बिघडला तर जॉबरला आवाजावरून कळतं असं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, आणि मित्रांना अभिमानानं सांगतही होतो. आबा म्हणाले, सुरुवातीची काही वर्षं तसं होतं. नंतर सगळे जॉबर मागाच्या फ्रेमला तळहात लावून फिरायचे. धोटा नीट बसत नसेल तर बिडाच्या फ्रेममधून वेगळा धक्का येतो. पायाखालची फरशीसुद्धा सांगते. चप्पल काढून उभं राहायचं. नवा पोरगा आला की त्याला आधी हे शिकवायचं. "कान जाणारच असतोय. त्याच्यावर धंदा कसा ठेवायचा?"

हे ते अगदी सहज म्हणाले. पस्तीस वर्षं.

दुसऱ्या दिवशी आबांनी मूळची जाळी स्वतःच्या हातानं परत बसवली. इंजिनच्या तोंडाशी नवं गॅस्केट टाकलं, तिथून थोडी गळती होती. साफ झाल्यामुळे ओढा आधीपेक्षा बरा आला. मग त्यांनी बदल केले ते सगळे रबराचे. सायलेन्सर मागे ज्या ब्रॅकेटला बोल्टनं बसतो तिथे कुठल्याशा मिस्त्रीनं पूर्वी जाड रबरी वॉशर घातला होता, तो काढून पितळेचा घातला. डाव्या फूटरेस्टचं रबर सोलून काढलं, कारण गिअर डाव्या पायात. नुसतं लोखंड ठेवलं आणि बुटाऐवजी पातळ तळाची चप्पल. चपलेबद्दल आईचं आणि माझं मत वेगळं आहे, पण सध्या आबांचं चालतंय. आमच्या ओळखीच्या मिस्त्रीनं ब्रॅकेट बघून सांगितलं की वॉशर काढल्यावर सहा महिन्यांत तिथे तडा जाऊ शकतो, महिन्याला बघत चला. आबांनी कॅलेंडरवर खुणा केल्यात.

त्या दिवशी फोननं मोजलं: ८७. गाडी मूळ होती त्यापेक्षाही एका डेसिबलनं शांत, गॅस्केटमुळे. रस्त्याला काही मिळालं नाही, सगळं आबांच्या टाचेला.

हॉर्नचा प्रश्न यातून सुटलेला नाही. मागून ट्रक आला तर आबांना कळत नाही, आणि जाळी काढलेली असती तर कळण्याची उरलीसुरली शक्यताही गेली असती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. आई रोज सांगते. त्यावर तडजोड अशी झाली: दोन्ही बाजूंना मोठे आरसे, सांगली रोडवर जायचं नाही, अंधारात नाही, सकाळी मळ्याच्या वाटेनं जाऊन यायचं. ही तडजोड किती दिवस टिकेल सांगता येत नाही. आबा आरसे लावून गेले आणि पाऊण तासानं आले तेव्हा आई दारातच उभी होती. ती पाऊण तास तिथेच होती. गाडीचा आवाज कोपऱ्यावर आला की तिला कळतो, तेव्हा ती आत गेली आणि चहा ठेवला.

आबा म्हणाले, "दुसऱ्याला टाचेत मुंग्या येत्यात, तिसऱ्याला नडगीपर्यंत. नडगीला आलं की चौथा."

मी म्हणालो, मला बघायचंय. कानात बोळे घातले, वर हेल्मेट, आणि माझी चप्पल काढून आबांची घातली. गल्लीच्या टोकापर्यंत गेलो. मला टाचेत नुसती एक सरमिसळ थरथर जाणवत होती, दुसरा कुठला आणि तिसरा कुठला काहीच कळलं नाही. सवयीनं स्पीडोमीटर बघून गिअर टाकले. परत आलो तर आबा भिंतीला टेकून माझ्या डाव्या पायाकडे बघत होते.

"इंजिन उगाच ताणतोयस," ते म्हणाले. "पाय सैल सोड. अजून एक चक्कर मार."